अठ्ठावीस दिवसांची शिकवणी

जन्मापासून अठ्ठावीस दिवस पूर्ण होईपर्यंतच्या बालकाला वैद्यकशास्त्र ‘नवजात’ म्हणते. बालपणात मृत्यूचा धोका जितका या महिन्यात असतो तितका पुढे कधीच नसतो, आणि या महिन्यातील मृत्यूंपैकीही सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यात होतात. हे गणित आकडेवारीच्या भाषेत मांडले जाण्याच्या कितीतरी आधी मराठी समाजाने ते आपल्या परीने ओळखले होते. पाचव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते, ही समजूत, त्या रात्रीची पूजा आणि नाव ठेवण्याचा समारंभ बाराव्या दिवसापर्यंत लांबवण्याची रीत, या सर्वांमागे पहिले काही दिवस पार पडल्याखेरीज बाळ आपले मानू नये हा कटू अनुभव असावा, असे मानायला जागा आहे. मात्र धोका ओळखणे आणि तो टाळण्याचे ज्ञान असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे ज्ञान पहिल्यांदाच आईबाप झालेल्या जोडप्याकडे कोणत्या वाटेने पोहोचते, हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.

जुन्या व्यवस्थेत ती वाट माहेरावरून जात असे. पहिले बाळंतपण माहेरी करायचे, सव्वा महिना बाळंतिणीने बाजेवरून फारसे उठायचे नाही आणि बाळाचे सारे आईची आई, घरातली एखादी आत्या-मावशी आणि रोज येणारी न्हाऊ घालणारी बाई यांनी पाहायचे, अशी ही रचना होती. ही बाई जमिनीवर पाय लांब करून बसे, नडग्यांवर बाळ पालथे घेई, तेल चोळून कढत पाण्याने न्हाऊ घाली आणि दुपट्यात घट्ट गुंडाळून आईच्या कुशीत देई. बाजेवरून हे सारे पाहत असलेली नवी आई, मान कशी सावरायची, हात बाहीत कसा घालायचा, ढेकर कशी काढायची, हे कोणी मुद्दाम न शिकवता उचलत असे. या शिक्षणाची खरी ताकद पाहण्यात आणि चुकल्यावर तिथल्या तिथे टोकले जाण्यात होती. त्याचा मोठा दोष असा, की बाळाचा बाप या शाळेच्या आवारातसुद्धा नसे. तो बारशाला पाहुण्यासारखा येई आणि तीन महिन्यांनी बायको-मूल सासरी परतले की त्याच्या हाती एकदम मान धरू लागलेले बाळ येई.

या परंपरेतील ज्ञान सरसकट टाकाऊ ठरवण्याची किंवा सरसकट डोक्यावर घेण्याची सवय सध्या दोन्ही बाजूंना दिसते. वास्तविक तिचा एकेक धागा वेगळा काढून तपासावा लागतो. बाळाला दुपट्यात, कुंचीत उबदार ठेवणे योग्यच, कारण नवजाताच्या शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा असतो आणि त्याची उष्णता झपाट्याने निघून जाते. हलक्या हाताने तेल चोळण्यातही सहसा काही वावगे नाही. परंतु जन्मताच न्हाऊ घालणे घातक ठरू शकते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना पहिली आंघोळ किमान २४ तास पुढे ढकलण्यास सांगते. नाका-कानांत तेलाचे थेंब सोडले तर ते श्वासनलिकेत उतरून फुप्फुसाला सूज आणू शकतात. शेगडीत ओवा, वेखंड टाकून दिलेली धुरी बंद खोलीत बाळाच्या श्वासासाठी निव्वळ धूरच असते. टाळू तेलाने ‘भरत’ नाही. कवटीच्या हाडांमधली ती मोकळी जागा साधारण दीड वर्षापर्यंत आपोआप बुजते. आईची संप्रेरके, म्हणजे शरीरातील ग्रंथींतून रक्तात सुटणारी रसायने, बाळाच्या रक्तात काही काळ उरलेली असल्यामुळे मुलगा असो की मुलगी, छाती किंचित सुजते, तर मुलींना थोडासा रक्तस्रावही होऊ शकतो. हे आपोआप थांबते, मात्र छाती पिळून ‘दूध काढण्याच्या’ प्रथेमुळे तिथे गळू होऊ शकते. काजळात शिसे असण्याची शक्यता असते. मधात एका विशिष्ट जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते निरुपद्रवी राहतात, परंतु वर्षाच्या आतील मुलाच्या आतड्यात वाढून स्नायू लुळे पाडणारे विष तयार करतात, आणि त्यामुळे जन्मल्याबरोबर मधाचे बोट चाटवण्याच्या हौसेला आधुनिक वैद्यक ठाम नकार देते.

सर्वांत महाग पडलेली चूक मात्र दुधाविषयीची होती. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारे घट्ट, पिवळसर दूध, ज्याला चीक म्हणतात, ते ‘नासके’ समजून अनेक घरांत पिळून टाकले जाई आणि तोवर बाळाला गूळपाणी किंवा बोंडल्याने गाईचे दूध पाजले जाई. प्रमाणाने थोडा असलेला हा चीक रोगप्रतिकारक प्रथिनांनी भरलेला असतो आणि पहिल्या दिवशीच्या बाळाचे पोटही तितकेच लहान असते, हे लक्षात घेतले म्हणजे ‘दूधच येत नाही’ ही तक्रार बहुधा निराधार का असते ते कळते. सहाणेवर उगाळलेली बाळगुटी आजही कित्येक सुशिक्षित घरांत दिली जाते. तिच्यातील हिरडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ यांच्या गुणांचा वाद बाजूला ठेवला तरी सहाण, पाणी आणि बोट या तिन्हींची स्वच्छता कोण तपासणार, एवढ्या एका प्रश्नावर पहिल्या सहा महिन्यांपुरता तो निकाली निघतो. या काळात आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये, अशीच वैद्यकीय शिफारस आहे.

ही विद्या शिकवता येते का, आणि येत असेल तर कोणाला, या प्रश्नाचे जगातील सर्वांत भक्कम उत्तर महाराष्ट्रातूनच निघाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. या संस्थेने १९९३ पासून तिथल्या खेड्यांत नवजात बालकांच्या आजारपणाची आणि मृत्यूंची घरोघर जाऊन नोंद ठेवायला आरंभ केला. १९९५–९६ या एका वर्षात पाहणी केलेल्या ७६३ नवजातांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के बालकांना वैद्यकीय मदतीची गरज होती; प्रत्यक्षात ती मिळाली ती तीन टक्क्यांहूनही कमी जणांना. रुग्णालय दूर होते हे एक कारण होतेच. त्याच्या जोडीला बाळंतीण आणि बाळ यांनी घराबाहेर पडायचे नाही हा दंडक होता. तेव्हा रुग्णालयातील कौशल्यच घरात नेण्याचा निर्णय झाला आणि ३९ गावांत पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. वजन करणे, ताप मोजणे, श्वास मोजणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, कमी वजनाच्या बाळाला ऊब देणे, आईला पाजण्यास मदत करणे, आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या बाळाला प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, इतके सारे या स्त्रिया करू लागल्या.

या प्रयोगाचे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दर हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या २८ दिवसांत होणारे मृत्यू म्हणजे नवजात मृत्युदर. हा दर तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. या आकड्याचा पुरेसा गौरव झाला आहे. नव्या आईबापांच्या दृष्टीने मात्र त्याहूनही मोलाची आहे ती रक्तातील जंतुसंसर्ग, ज्याला ‘सेप्सिस’ म्हणतात, ओळखण्याची गडचिरोलीतील रीत. प्रयोगशाळेतील तपासणी तिथे शक्यच नव्हती, म्हणून डोळ्यांना आणि हातांना कळतील अशी लक्षणे निवडण्यात आली : आधी नीट रडणाऱ्या बाळाचे रडणे क्षीण झाले किंवा थांबले, आधी नीट पिणाऱ्या बाळाचे पिणे कमी झाले किंवा थांबले, बाळ सुस्त पडले, अंग तापले किंवा गार पडले, नाळेत किंवा त्वचेवर पू झाला, पोट फुगले, श्वास मिनिटाला साठच्या वर गेला. अशा लक्षणांपैकी दोन एकाच वेळी दिसली की धोका समजायचा. या यादीतील ‘आधी’ हा शब्द अतिशय विचारपूर्वक घातलेला आहे, कारण काल बाळ कसे रडत होते, कसे पीत होते, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच आज ते बदलले आहे हे सांगता येते. पहिल्यांदाच बाळाला पाहणाऱ्या निष्णात डॉक्टरालाही हा बदल दिसत नाही. त्याला तो आईलाच विचारावा लागतो. म्हणजे नवजाताच्या संगोपनातील मूळ कौशल्य रोज त्याच बाळाकडे बारकाईने पाहण्याचे आहे, आणि त्यासाठी आईबापांना डॉक्टर व्हावे लागत नाही. पाहायचे काय, एवढे मात्र कोणीतरी दाखवून द्यावे लागते.

गडचिरोलीच्या या अनुभवावर आधारलेला ‘गृहाधारित नवजात बालक काळजी’ कार्यक्रम भारत सरकारने २०११ मध्ये देशभर लागू केला. गावपातळीवर काम करणारी ‘आशा’ ही आरोग्य कार्यकर्ती त्यानुसार तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाच्या घरी जाते. प्रसूती घरीच झाली असेल तर पहिल्या दिवशीची एक भेट वाढते. सर्व भेटी पूर्ण झाल्यावर तिला २५० रुपये मिळतात, आणि एवढ्या जबाबदारीच्या कामाचा हा मोबदला लाज वाटावी इतका तुटपुंजा आहे, हे या लेखाचा विषय नसला तरी नोंदवलेच पाहिजे. पिशवीत ताणकाटा, तापमापक, घड्याळ आणि घोंगडी घेऊन येणाऱ्या या बाईच्या वेळापत्रकात एक गंमत दडलेली आहे : पहिली भेट सटवाईच्या रात्रीच्या आधीची आणि शेवटची भेट सव्वा महिना उलटल्यावर लगेचची. या दोन वेळापत्रकांची निरीक्षणे बहुधा एकच होती. फरक पडला तो उपायांत.

तिसऱ्या दिवसाचे महत्त्व समजण्यासाठी रुग्णालयातून घरी जाण्याची वेळ लक्षात घ्यावी लागते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के प्रसूती आता संस्थेत, म्हणजे रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात होतात, आणि नैसर्गिक प्रसूतीनंतर साधारण ४८ तासांनी आई-बाळाला घरी सोडतात. नेमक्या याच सुमाराला, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, चिकाचे रूपांतर भरपूर दुधात होऊन छाती दगडासारखी भरते, बाळाचे वजन सर्वांत खाली गेलेले असते, कावीळ चढू लागते, आणि आईचे मन कारण नसताना भरून येते. परिचारिका हाताशी होती तोवर काही अडले नाही, आणि अडायला लागले तेव्हा घरात दोन घाबरी माणसे आणि एक बाळ उरले, अशी ही विचित्र सांधेजोड आहे. या अडचणींपैकी बहुतेक अपेक्षित असतात, एवढे जरी आधी सांगितलेले असले तरी भीती निम्मी होते. तीन किलोचे बाळ पहिल्या दिवसांत तीनशे ग्रॅमपर्यंत घटू शकते आणि दहा ते चौदा दिवसांत जन्मवजन परत मिळवते. त्यानंतर ते दिवसाला साधारण वीस ते तीस ग्रॅम वाढते.

दूध पुरते की नाही, हा नव्या आईला पोखरणारा प्रश्न बाळाच्या लंगोटावर सुटतो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा शू होत असेल, पहिल्या दिवसांची काळपट-हिरवी चिकट शी जाऊन पिवळी होऊ लागली असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरेसे आहे, मग बाळ कितीही वेळा रडो. पाजण्याच्या फेऱ्या दिवसरात्र मिळून आठ ते बारा असतात, आणि रात्रीची फेरी चुकवू नये, कारण दूध तयार करण्याचा संदेश देणारे संप्रेरक रात्री अधिक स्रवते. स्तनाग्रांना चिरा पडतात त्या बहुतेक वेळा बाळ केवळ टोकच चोखत असल्यामुळे. तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि भोवतालचा काळा भाग खालच्यापेक्षा वर अधिक दिसणारा, ही नीट पकडीची चार लक्षणे आहेत. वाचून ती पाठ होतात, पण हाताशी धरून दाखवल्याशिवाय जमत नाहीत. पकड सुधारून पाहण्याआधी पावडरच्या डब्याकडे वळणाऱ्या घरांची संख्या मोठी आहे, आणि त्या डब्यांच्या जाहिरातबाजीला आवर घालण्यासाठी भारताला १९९२ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला व २००३ मध्ये तो अधिक कडक करावा लागला. ज्या बाळाला आईचे दूध खरोखरच मिळू शकत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या मातांचे तपासलेले दूध साठवणारी आशियातील पहिली दुग्धपेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये सुरू झाली.

ऊब मोजण्यासाठी तापमापक नेहमी लागतोच असे नाही. हाताच्या मागच्या बाजूने आधी बाळाचे पोट आणि मग तळपाय चाचपावे : दोन्ही उबदार असतील तर ठीक, पोट उबदार आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे, दोन्ही गार असतील तर बाळ धोक्यात आहे. यावरचा सर्वांत साधा उपाय म्हणजे उघड्या छातीवर बाळाला उभे धरून वरून पांघरूण घेणे. कोलंबियाच्या बोगोटा शहरात काचपेट्या अपुऱ्या पडू लागल्यावर १९७८ च्या सुमारास डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली आणि पोटाशी पिलू बाळगणाऱ्या कांगारूचे नाव तिला मिळाले. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कमी वजनाच्या बाळांना जन्मल्यानंतर लगेच अशी ऊब दिल्याने मृत्यू एक चतुर्थांशाने घटल्याचे दिसले. ही ऊब बापाच्या छातीवरही तितकीच चांगली मिळते, आणि बापाला बाळाशी जुळण्याचा एवढा सोपा दरवाजा दुसरा नसेल. नाळेच्या बाबतीत तर काहीच न करणे हाच उपचार आहे : राख, हळद, तेल, पावडर यांपैकी काहीही न लावता ती कोरडी आणि लंगोटाच्या वर मोकळी ठेवली की एक-दोन आठवड्यांत गळून पडते.

कावीळ हा विषय जरा थांबून समजून घेण्याजोगा आहे, कारण बेफिकिरी आणि घबराट दोन्ही इथेच सर्वाधिक आढळतात. गर्भातील जादा तांबड्या पेशी जन्मानंतर फुटतात, त्यांतून निघणारे बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य बाहेर टाकण्याइतके बाळाचे यकृत तयार झालेले नसते, आणि म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून अर्ध्याहून अधिक बाळे थोडी पिवळी दिसतात. पहिल्या २४ तासांतच दिसलेली कावीळ किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ मात्र तातडीची समजावी, कारण बिलिरुबिन फार चढले तर मेंदूला कायमची इजा होते. ‘कोवळ्या उन्हात धरा’ हा सल्ला घरोघरी मिळतो आणि त्याचे मूळ अगदीच काल्पनिक नाही. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात, रॉचफर्ड येथील रुग्णालयात, १९५६ मध्ये जीन वॉर्ड ही परिचारिका बाळांना अंगणात उन्हात नेत असे. चादरीने झाकलेला तेवढा त्रिकोण पिवळा आणि बाकीचे अंग उजळ झालेले एक बाळ तिने डॉक्टरांना दाखवले, आणि त्यातूनच प्रकाशोपचाराची कल्पना पुढे आली. निळा प्रकाश बिलिरुबिनचे रूप पालटून ते शरीराबाहेर जाण्याजोगे करतो. परंतु खिडकीतल्या उन्हात ना त्या प्रकाशाची मात्रा मोजता येते, ना उघड्या बाळाची ऊब राखता येते, म्हणून उन्हाच्या भरवशावर रक्ततपासणी लांबवणे धोक्याचे ठरते.

गडचिरोलीतल्या खेड्यातील घरी आशा येते; पुण्या-मुंबईच्या सदनिकेत राहणाऱ्या मध्यमवर्गीय जोडप्याकडे बहुधा कोणीच येत नाही, आणि सगळी माहिती असूनही नवजाताच्या काळजीत ते जोडपे अधिक एकटे असते, हे या विषयातील सर्वांत कमी बोलले जाणारे वास्तव आहे. फोनवर एकाच प्रश्नाची पाच उत्तरे मिळतात, आईची आई आणि सासू यांची आणखी दोन, पण पकड चुकते आहे हे पाहून बाळाची मान अर्धा इंच वळवणारा हात मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांत, मग दुसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्यात तपासणी व्हावी असे सांगते. खासगी रुग्णालयांच्या कागदावर त्या भेटींची जागा ‘गरज वाटल्यास या’ या वाक्याने घेतलेली असते, आणि गरज कशी ओळखायची हेच तर नव्या पालकांना ठाऊक नसते. बापाच्या वाट्याला येणारा वेळही कायद्याने आखून दिलेला आहे : प्रसूती रजेच्या कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर आईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, तर केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची, आणि खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एका दिवसाचीही नाही. माहेरच्या प्रथेने बापाला शाळेबाहेर ठेवले होते, तिथेच आजचा रोजगारही त्याला ठेवतो.

या अपुऱ्या व्यवस्थेतही सर्वांत उघडी पडते ती सहाव्या आठवड्यानंतरची जागा. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझेल्टन यांनी १९६२ मध्ये आयांकडून रोजच्या रोज नोंदी ठेवून घेऊन दाखवले, की निरोगी बाळाचे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाऊन सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोहोचते, बहुधा संध्याकाळी, आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत ओसरते. याच वेळी आशाची बेचाळिसाव्या दिवसाची भेट संपलेली असते, माहेरची माणसे पांगू लागलेली असतात, झोपेवाचून महिना उलटलेला असतो, आणि घरभेटींचा पुढचा सरकारी कार्यक्रम बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर सुरू होतो. पोट भरलेले, लंगोट कोरडा, अंग ना तापलेले ना गार, आणि तरीही तास-तासभर रडणारे बाळ छातीशी धरून फिरवणे, हे त्या मधल्या आठवड्यांत करण्याजोगे बहुतेक सगळे असते. रडण्याने डोके भणाणू लागले तर बाळाला पाठीवर, पाळण्यात सुरक्षित ठेवून पाच मिनिटे दुसऱ्या खोलीत जाण्यास बालरोगतज्ज्ञ मोकळेपणी परवानगी देतात, कारण त्या क्षणी बाळाला गदागदा हलवले गेल्यास मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आईचे रडणे दोन आठवड्यांनंतरही थांबत नसेल, तर मात्र ते बाळाच्या रडण्याच्या नोंदीत न घालता डॉक्टरांपुढे वेगळे मांडावे लागते.